गाण्याचा ‘खरा अर्थ’ सांगणाऱ्याकडे प्रमाण मागावे

पुण्यात जुन्या भावगीतांचा कार्यक्रम निवेदकाशिवाय होत नाही. गायक बदलतात, वाद्यवृंद बदलतो, पण दोन गाण्यांच्या मध्ये उभे राहून पुढच्या गाण्यामागची हकिकत सांगणारे गृहस्थ किंवा बाई कायम असतात, आणि बालगंधर्व रंगमंदिरापासून कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहापर्यंत श्रोते ती हकिकत गाण्याइतक्याच गोडीने ऐकतात. त्यात गैर काही नाही. गाणे कोणत्या निमित्ताने लिहिले गेले, चाल आधी झाली की शब्द, हे कळल्याने ऐकण्यात रस वाढतो. अलीकडे मात्र या हकिकतींचा सूर बदलला आहे. ‘हे गाणे तुम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलात, पण त्याचा खरा अर्थ तुम्हाला ठाऊक नाही’ अशी सुरुवात होते, मग कवीच्या आयुष्यातला एखादा मृत्यू, एखादी ताटातूट किंवा एखादी रणभूमी पुढे येते आणि सभागृह सुन्न होते. तीच हकिकत दुसऱ्या दिवशी मोबाईलवर फिरते आणि काही महिन्यांत तिला इतिहासाचा दर्जा मिळतो. माझे म्हणणे एवढेच आहे की गाण्यात दडलेला अर्थ शोधण्याचा अधिकार प्रत्येक ऐकणाऱ्याला असला, तरी तो अर्थ कवीच्याच मनात होता असे चारचौघांत सांगणारा माणूस एक वस्तुस्थिती सांगत असतो. तिला प्रमाण लागते, आणि ते आधी गाण्याच्या शब्दांत सापडावे लागते.

या प्रकारातले सर्वांत गाजलेले उदाहरण सुरेश भटांच्या ‘तरुण आहे रात्र अजुनी’चे आहे. हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि आशा भोसले यांचा आवाज लाभलेले हे गीत शृंगाराचे नसून युद्धात कामी आलेल्या सैनिकाच्या शवाजवळ बसलेल्या त्याच्या तरुण पत्नीचा विलाप आहे, असा मजकूर बरीच वर्षे फिरतो आहे. माझ्या पाहण्यात आलेल्या अशा मजकुरात कवीची मुलाखत, पत्र किंवा संग्रहातील टीप यांपैकी कशाचाच उल्लेख नव्हता. तरीही तो खोटा म्हणून बाजूला सारण्याआधी गाण्यावर लावून पाहणे हेच न्यायाचे ठरेल.

लावून पाहिले तर त्याला आधार अगदीच नाही असे म्हणता येत नाही. नायिका प्रियकराला ‘विझलास’ म्हणते, ‘मिटलास’ म्हणते, आणि मराठीत ही दोन्ही क्रियापदे मरणाकडे ओढता येतात. पण याच गीताच्या सुरुवातीला ती अशी तक्रार करते की तो एवढ्यातच दुसऱ्या कुशीवर वळला. शव कूस बदलत नाही. पुढे कोजागिरीचे चांदणे येते, रातराणीचा गंध येतो, तिचे अंगांग उमलत असल्याचे ती स्वतःच सांगते, आणि तो गंध तू लुटलास का, असे पश्चिमेचा गार वारा विचारतो आहे, असेही सुनावते. ही सारी सामग्री एका शेजेवर जागी असलेली स्त्री आणि झोपी गेलेला पुरुष यांच्या प्रसंगाची आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तो जिवंत असल्यामुळेच ‘विझलास का रे’ या प्रश्नाला धार आहे. झोपेला विझणे म्हणण्यात लटका राग आहे, अतिशयोक्ती आहे, रुसवा आहे. समोर खरोखरच प्रेत असेल, तर तोच शब्द एक साधे विधान होऊन बसतो आणि कवीने योजलेली सगळी गंमत निघून जाते. म्हणजे करुणरसाची ही कल्पना गाण्याला काही देत तर नाहीच, उलट त्याच्याजवळ होते ते काढून घेते.

मग ही कल्पना इतकी लोकप्रिय का व्हावी? माझ्या मते याचे कारण गाण्यात नसून ऐकणाऱ्यांत आहे. विवाहित असो वा नसो, एक स्त्री आपली इच्छा स्वच्छ शब्दांत बोलून दाखवते आणि पुरुषाच्या झोपेवर नाराजी व्यक्त करते, हे कुटुंबासह सभागृहात बसलेल्या मध्यमवर्गीय श्रोत्याला किंचित अवघड जाते. गाणे तर आवडते, ते सोडवत नाही. अशा वेळी कोणीतरी सांगितले की ही वीरपत्नी आहे, की सगळ्यांचीच सुटका होते. आवड तशीच राहते आणि संकोचाची जागा आदर घेतो. स्त्रीच्या शृंगारोक्तीला सोवळे नेसवण्याची ही हौस आजची नाही. लावणी तर पुण्यात पेशवाईपासून ऐकली जात आहे, आणि तिला एकीकडे अश्लील म्हणणारे व दुसरीकडे तिच्यातल्या प्रत्येक कृष्णाला परमात्मा आणि प्रत्येक नायिकेला जीवात्मा ठरवणारे असे दोन्ही पक्ष येथे नांदत आले आहेत. दोघांनाही जे आहे ते आहे तसे ऐकायचे नसते, एवढे त्यांच्यात साम्य आहे.

यावरून गाण्याला वरवरच्या अर्थापलीकडे काही नसतेच असा निष्कर्ष काढणे मूर्खपणाचे होईल. ज्या भूमीत हाल राजाची गाथासप्तशती, म्हणजे प्राकृत गाथांचा संग्रह, झाली, तेथे तर असे बोलण्याची सोयच नाही. आनंदवर्धनाने नवव्या शतकात काश्मीरमध्ये बसून ‘ध्वन्यालोक’ हा काव्यशास्त्राचा ग्रंथ लिहिताना सूचित अर्थाचे जे ठळक उदाहरण घेतले, ते गोदावरीकाठच्या महाराष्ट्री प्राकृतातले आहे. एक स्त्री एका धार्मिक माणसाला सांगते की बाबा रे, आता खुशाल फिर, तुला त्रास देणारे ते कुत्रे आज मेले, गोदेकाठच्या झुडपांत राहणाऱ्या उन्मत्त सिंहाने त्याला मारले. शब्द म्हणतात ‘ये’, अर्थ म्हणतो ‘पाऊल टाकू नकोस’. कारण ती झाडी तिच्या संकेतभेटीची जागा आहे आणि हा फुले खुडत तेथे येऊन अडचण करतो. हा अर्थ पूर्णपणे दडलेला आहे, तरीही तो समजण्यासाठी हाल राजाचे चरित्र लागत नाही, त्या स्त्रीचे नाव लागत नाही, कोणतीही आतली बातमी लागत नाही. कुत्र्याला भिणाऱ्या माणसाला सिंहाची बातमी दिलासा म्हणून देणारी बाई पाहिली, की सहृदय वाचकाला काय ते कळते. पुढे मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने असा अर्थ कशाकशातून प्रकट होतो याची यादीच केली: बोलणारा कोण, कोणाला उद्देशून बोलतो, आवाजाचा चढउतार कसा, प्रसंग कोणता, स्थळ आणि काळ कोणते. सुमारे नऊशे वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या निवेदकाने खिशात बाळगावी इतकी कामाची आहे.

ती वापरून पाहण्यासाठी पुण्यातच जन्मलेले एक गीत घेऊ. 1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीने गदिमांचे गीतरामायण दर आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित केले. एकूण 56 गीते, संगीत सुधीर फडके यांचे. त्यातले ‘पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा’ हे गीत आज शोकसभेत वाजते, श्रद्धांजलीच्या जाहिरातीत छापले जाते, आणि मराठी माणसाच्या दैववादाचा पुरावा म्हणून त्याच्यावर टीकाही होते. पण हे बोलतो कोण आणि कोणाशी? चित्रकूटावर राम भरताशी बोलतो आहे. भरताचे संबोधन पहिल्याच ओळीत आहे. वडील गेलेले आहेत, आईच्या हट्टाने भाऊ वनात आलेला आहे, आणि भरत स्वतःच्या आईला क्षमा करायला तयार नाही. अशा भावाला राम सांगतो की दोष कोणाचाच नाही, कैकेयीचा नाही आणि पित्याचाही नाही. ज्याच्यावर सर्वाधिक अन्याय झाला तोच अन्याय करणाऱ्यांच्या बाजूने युक्तिवाद करतो आहे, आणि त्यासाठी त्याने दैव नावाचा असा एक आरोपी उभा केला आहे की ज्याच्यावर ठपका ठेवला तर घर मोडत नाही. हे एकदा ध्यानात आले की त्या गीतातले तत्त्वज्ञान हे तत्त्वज्ञान कमी आणि आईला वाचवण्याची धडपड जास्त वाटू लागते. हा अर्थ मला गदिमांच्या आयुष्यातून आणावा लागला नाही. तो गाण्यात सर्वांसमोर ठेवलेला आहे. शोकसभेत गाणे सुटे करून वाजवल्यामुळे तो ऐकू येईनासा झाला आहे, इतकेच.

ग्रेस यांच्या ‘ती गेली तेव्हा रिमझिम’चेही असेच झाले. प्रेयसीच्या विरहाचे गीत म्हणून ते ऐकणाऱ्यांना कोणीतरी ‘अहो, ते आईविषयी आहे’ असे सांगतो आणि ऐकणारा चकित होतो; वास्तविक ती आई होती असे कविता स्वतःच, कोणताही आडपडदा न ठेवता सांगते. दुर्बोध म्हणून ज्यांची ख्याती, त्या कवीने सरळ सांगितलेले वाक्यही आपल्या कानाआड गेले. गूढ अर्थ उकलून दाखवण्याच्या नादात उघड अर्थ ऐकण्याची सवय कशी सुटते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

अर्थ लावण्याची आपल्याकडची सर्वांत जुनी आणि अजूनही चालू असलेली सार्वजनिक संस्था म्हणजे कीर्तन. सदाशिव पेठेतल्या नारद मंदिरात आजही कीर्तने होतात. पूर्वरंगात बुवा एक अभंग घेतात आणि त्याचे निरूपण करतात. अभंग आधी सर्वांसमोर म्हटला जातो, त्यामुळे मूळ शब्द श्रोत्यांच्या कानात असतात. मग एखादी ओवी, एखादे वचन, दुसऱ्या संताचा अभंग असे प्रमाण देत देत बुवा अर्थ पुढे नेतात, आणि प्रमाणाविना केलेले विधान जाणत्या श्रोत्यांना खटकते. मुक्ताबाईची मुंगी आकाशी उडून सूर्याला गिळते, हे कोणी अक्षरशः घेत नाही. एकनाथांच्या भारुडात चावलेला विंचू तर काम-क्रोधाचा आहे हे भारूडच सांगून टाकते. कलगी-तुऱ्याच्या फडातही हेच. एक शाहीर भेदिक लावणीतून कूट घालतो, समोरच्याने ते गाण्यातूनच सोडवायचे, आणि शक्ती श्रेष्ठ की शिव श्रेष्ठ हा वाद पुराणांतले दाखले देत रात्रभर चालायचा. म्हणजे मराठी मुलुखात गाण्याचा गूढार्थ ही नेहमीच उघड्यावर तपासली जाणारी गोष्ट होती. मोबाईलवरच्या मजकुरात हे तपासणेच नाहीसे झाले आहे, कारण तेथे प्रतिपक्ष नसतो आणि मूळ गीत पूर्ण म्हटलेही जात नाही.

कवीविषयीची बाहेरची माहिती सर्वस्वी निरुपयोगी असते असे मात्र मी म्हणणार नाही, आणि याचे जे उदाहरण मला सर्वांत प्रिय आहे त्याचा एक धागा पुण्याशीच जोडलेला आहे. शांता शेळके यांच्या ‘तोच चंद्रमा नभात’ची कल्पना शीलाभट्टारिका या कवयित्रीच्या संस्कृत श्लोकावरून आलेली आहे. त्या श्लोकातली स्त्री म्हणते की माझे कौमार्य हरण करणारा तोच आज माझा पती आहे, चैत्राच्या रात्री त्याच आहेत, वारे तेच आहेत, मीही तीच आहे, तरीही मन मात्र रेवेच्या, म्हणजे नर्मदेच्या, काठावरच्या वेतसकुंजासाठी झुरते आहे. हा श्लोक शेजारी ठेवला की शांताबाईंनी काय केले ते झळकन दिसते. त्यांच्या गीतात बोलणारा पुरुष आहे. चंद्र, चैत्र, जाईचा कुंज सर्व जागेवर आहे, आणि नाहीशी झाली आहे ती खुद्द आर्तता. संस्कृत श्लोकात हुरहुर शिल्लक आहे, मराठी गीतात हुरहुरीचीच आठवण उरली आहे. अशी माहिती गाण्याला मोठे करते, कारण ती आपल्याला पुन्हा शब्दांकडेच पाठवते.

याच श्लोकाचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. जगन्नाथपुरीच्या रथयात्रेत चैतन्य महाप्रभू हा उघड शृंगारिक श्लोक भावावेशाने म्हणत आणि भोवतालचे लोक बुचकळ्यात पडत, असे ‘चैतन्यचरितामृता’त सांगितले आहे. त्यांचे शिष्य रूप गोस्वामी यांनी त्यांचे मन ओळखून जोडीचा श्लोक रचला: कुरुक्षेत्रावर कृष्ण भेटला, मी तीच राधा आहे, तरी मनाला यमुनाकाठच्या वनाची ओढ आहे. येथे लौकिक श्लोकाला पारमार्थिक अर्थ मिळाला. पण त्या अर्थाची जबाबदारी त्यांनी स्वतःच्या भक्तीवर घेतली आणि तो स्वतःच्या शब्दांत वेगळा श्लोक रचून मांडला. शृंगार त्यांना अडचणीचा नव्हता, त्यांना तो हवाच होता. गाण्यात स्वतःचा जीव ओतणारा श्रोता आणि आपला अर्थ कवीच्या माथी मारणारा श्रोता यांच्यातले अंतर येथे स्वच्छ दिसते.

आणि 2023 मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी एका ताम्रपटाच्या वाचनावरून असे मांडले की ही शीलाभट्टारिका बदामीच्या चालुक्य घराण्यातली, दुसऱ्या पुलकेशीची कन्या होती. एका कवयित्रीच्या चरित्राचा एवढासा दुवा हाती यायला तांब्याचे पत्रे, त्यांवरची लिपी, राजवंशाची नावे आणि ती तपासू शकणारे इतर अभ्यासक एवढे सगळे लागले. बरे, एवढे करूनही त्यांनी रेवेच्या काठी कोण भेटला होता ते सांगितलेले नाही! राजकन्या ठरल्यामुळे श्लोकाचा अर्थ बदलत नाही, याची जाण विद्वानांना असते. सुरेश भट तर अगदी आपल्या काळातले. त्यांचे संग्रह छापील मिळतात, त्यांना ओळखणारी माणसे आहेत, आणि तरीही त्यांच्या गीताविषयी विधान करताना कागदाचा चिटोराही लागू नये, हे विपरीत आहे.

एवढ्याशा गोष्टीसाठी इतका आग्रह कशाला, एखादी भावुक कथा ऐकून चार माणसांचे डोळे पाणावले तर बिघडले काय, असे कोणी विचारील. त्यावर माझे उत्तर जुन्या इतिहासातले आहे. 1907 मध्ये रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’चे कथानक महाभारतातलेच होते, पण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन आणि द्रौपदी म्हणजे पारतंत्र्यातला देश हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होते, ते सरकारलाही कळले आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. तेथे छुपा अर्थ खरा होता, आणि त्याचे प्रमाण प्रसंगात होते: लेखक ‘केसरी’तला, टिळकांचा निकटवर्ती, काळ वंगभंगानंतरचा. मम्मटाच्या यादीतली जवळपास सगळी कलमे भरतात. 1909 मध्ये बाबाराव सावरकरांना तर प्रसिद्ध केलेल्या कवितांवरून काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्या कवितांतली देवांची व शिवाजी महाराजांसारख्या वीरांची नावे केवळ निमित्त आहेत, खरा रोख सध्याच्या सरकारवर आहे, असा अर्थ लावला. न्यायाधीशांचे वाचन चुकीचे होते असे स्वातंत्र्याचा कोणताही अभिमानी म्हणणार नाही. तरीही कवितेच्या गर्भित अर्थावरून माणूस अंदमानात जाऊ शकतो, एवढे वजन अर्थ लावण्याच्या कृतीला आहे हे त्या खटल्याने दाखवले. भावना दुखावल्याची तक्रार आजही बहुतेक वेळा उघड शब्दांवरून होत नाही. ‘यात दडलेला रोख आमच्यावर आहे’ या दाव्यावरून होते. वीरपत्नीची कथा पुराव्याविना मान्य करणारा समाज उद्या एखाद्या शाहिराच्या ओळीत पुराव्याविना शोधलेला अपमानही मान्य करील, कारण सवय तीच आहे.

ही सवय शाळेत मोडता येते. दहावीच्या मराठीत रसग्रहणाचा प्रश्न असतो आणि त्यात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे मुद्दे अपेक्षित असतात. म्हणजे विद्यार्थ्याने शब्दांकडे पाहावे अशी मूळ योजना चांगलीच आहे. मात्र बाजारातली गाईडे ‘कवीला असे सांगायचे आहे’ या ठोकळेबाज वाक्याने सगळी उत्तरे सुरू करतात, आणि मुलाच्या मनात असे ठसते की कवितेचा अर्थ कवीच्या पोटात असतो व तो मोठ्या माणसाने काढून द्यायचा असतो. ‘कोणत्या ओळीवरून म्हणतोस?’ हा एक प्रश्न शिक्षकाने वर्षभर विचारला तरी पुष्कळ काम होईल.

कार्यक्रम करणाऱ्यांसाठी तर उपाय याहून सोपा आहे. ध्वनिमुद्रिकेच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीनेक मिनिटे मावत, त्यामुळे गीत करताना कवितेतली कडवी गाळण्याची रीतच पडली. पुढे तबकड्या मोठ्या झाल्या तरी ती रीत राहिली. अनेक गाण्यांत जे गूढ वाटते ते गाळलेल्या कडव्यांत सरळ लिहिलेले असते. कवितासंग्रह पुणे नगर वाचन मंदिरात मिळतात, पुणे मराठी ग्रंथालयात मिळतात. गाण्यापूर्वी हकिकत सांगायची असेल तर ती कोणत्या मुलाखतीतून, कोणत्या आठवणीतून घेतली ते एका वाक्यात सांगावे. आधार नसेल तर ‘मला हे गाणे असे ऐकू येते’ एवढेच म्हणावे, त्यात कमीपणा नाही. आणि ज्या गाण्यासाठी दोन्ही जमत नसेल, त्या गाण्याच्या वेळी मूळ कविता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचून दाखवावी आणि वादकांना खूण करावी.